खानदेशचे दोन उन्हाळे आणि एक एसी

गेल्या मे महिन्यात एका दुपारी अडीचच्या सुमारास मी भुसावळच्या आमच्या घराच्या गच्चीवर, जिन्याच्या सावलीत, दोन साधे काचेचे तापमापी शेजारी शेजारी टांगले. त्यांतील एकाच्या फुग्याला समईची कापसाची वात गुंडाळली आणि वातीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडले. मग दहा मिनिटे पुठ्ठ्याने वारा घातला. कोरड्या तापमापीवर ४३ अंश होते आणि ओली वात गुंडाळलेल्या तापमापीवर २२. दोन्ही एकाच सावलीत होते, त्यांच्यात वीतभराचेही अंतर नव्हते, आणि तरी २१ अंशांचा फरक होता. तंत्रनिकेतनात प्रशीतन आणि वातानुकूलन हा विषय मी बरीच वर्षे शिकवतो आहे, हा फरक फळ्यावर अनेकदा मांडला आहे. पण त्या दुपारी तो डोळ्यांनी पाहिल्यावर मी बराच वेळ तेथून हललो नाही.

पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी पूर्ण उडून गेले, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता आपल्याबरोबर नेते. विजेच्या हिशेबात हे जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट होते. माठातले पाणी गार होते ते यामुळे, आणि वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारी झुळूक सुखाची वाटते तीही यामुळे. आमच्याकडच्या पत्र्याच्या कूलरचे शास्त्रही एवढेच आहे. हवा जितकी कोरडी, तितके पाणी वेगाने उडते आणि तितका हा फरक वाढतो. चांगली जाळी बसवलेला कूलर या २१ अंशांपैकी १६-१७ अंश सहज मिळवून देतो, म्हणजे ४३ अंशांची हवा २६-२७ अंशांवर आणून खोलीत सोडतो, आणि त्यासाठी त्याला पंखा व छोटा पंप मिळून दीड-दोनशे वॅट वीज पुरते. एप्रिल-मेमध्ये खानदेशात याहून काटकसरीचे गारव्याचे यंत्र मला माहीत नाही.

तोच प्रयोग मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा केला. कोरड्या तापमापीवर ३२ आणि ओल्यावर २८ अंश होते. फरक चारच अंशांचा होता. मृग बरसून गेला की दारे फुगतात, डब्यातल्या मिठाला पाणी सुटते, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि कूलर खोलीत फक्त ओल भरतो. पावसाने उघडीप दिली की अंगाची जी तगमग होते, तिचे कारण तापमान नसून आर्द्रता असते. ही तगमग ऑक्टोबरपर्यंत टिकते. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना सांगतो की आपल्याकडे उन्हाळे दोन आहेत, एक कोरडा आणि एक ओला, आणि दोघांना लागणारी यंत्रे तत्त्वतः वेगळी आहेत. बाजारात मात्र या दोन्ही उन्हाळ्यांसाठी एकच यंत्र मिळते. ते म्हणजे एसी.

मी एसीच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझ्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि ४५ अंशांच्या दुपारी तिच्या खोलीत एसी चालू असतो, याबद्दल मला कोणतीही खंत वाटत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी केवळ ८ टक्के लोकांकडे एसी होता. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणारा मजूर त्या उरलेल्या ९२ टक्क्यांत आहे. त्याच्या घरी एसी येऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच्या घरी जे यंत्र येईल ते कसे असावे.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आमच्या भागात हे समजावण्यासाठी मी विहिरीचे उदाहरण देतो, कारण विहिरीवरची मोटार प्रत्येकाने पाहिलेली असते. पाणी जितके खोल, तितकी तेवढ्याच पाण्यासाठी मोटार अधिक वीज घेते. खोलीत २६ अंश आणि बाहेर ३५ अंश असतील, तर उष्णता नऊ अंश वर चढवायची असते. बाहेर ४६ झाले की हीच चढण वीस अंशांची होते. प्रत्यक्षात ती याहूनही मोठी असते, कारण बाहेरच्या कॉइलमधील, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यातील, उष्णता वाहून नेणारा गॅस हवेपेक्षा बराच तापलेला असल्याशिवाय आपली उष्णता हवेला देऊ शकत नाही. बाहेर ४६ अंश असताना हा गॅस ६० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ज्या दिवशी गारव्याची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी यंत्राची कार्यक्षमता सर्वांत कमी.

हे यंत्र मुळात आपल्या हवेसाठी घडलेलेच नाही. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आपली यंत्रणा आखली ती दमट हवेमुळे कागद आकसतो-फुगतो आणि रंगांची छपाई जुळत नाही म्हणून. आजही एसीची नेहमीची क्षमता मोजताना बाहेरची हवा ३५ अंशांची धरतात. आपल्याकडे २०१८ पासून एसीवरच्या चिठ्ठीतले, वीजबचत दाखवणारे तारे ज्या हंगामी गुणांकावर ठरतात, त्याच्या गणितात वर्षाचे १,६०० तास आणि बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरलेले आहे. देशभराचा मध्य काढण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु भुसावळ-जळगावात ४४ किंवा ४५ अंश ही मे महिन्यातली साधी दुपार असते, आणि त्या दुपारी पाच ताऱ्यांचा एसी किती वीज घेईल हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत ४६ अंशांवरची वेगळी चाचणी आहे. खानदेशातील ग्राहकाने दुकानात पहिल्यांदा तो आकडा विचारावा, असे माझे मत आहे.

शिवाय ४६ अंश हे सावलीतील मोकळ्या हवेचे तापमान असते, आणि एसीचे बाहेरचे यंत्र क्वचितच तशा जागी असते. जळगावात माझा मावसभाऊ एका चार मजली इमारतीत राहतो. त्याचा दीड टनाचा एसी दुपारी तीनला हमखास बंद पडायचा आणि साडेपाचला आपोआप सुरू व्हायचा. दोन टनांचा नवा घ्यावा असा सल्ला त्याला मिळाला होता. मी जाऊन पाहिले, तर इमारतीच्या मधल्या पाच फुटी डक्टमध्ये सगळ्या मजल्यांची मिळून अकरा बाहेरची यंत्रे एकावर एक लावलेली होती. खालच्या प्रत्येक यंत्राने फेकलेली गरम हवा वर चढून वरच्या यंत्रात शिरत होती. गच्चीवर सावलीत ४४ अंश होते, आणि भावाच्या यंत्राच्या मागच्या बाजूला, जिथून ते हवा ओढते तिथे, दोरीला बांधून सोडलेल्या तापमापीवर ५३. एसीत काहीच बिघाड नव्हता. आम्ही ते यंत्र गच्चीच्या उत्तरेकडच्या भिंतीला, वर पत्र्याची पडवी करून, मोकळ्यावर लावले. तोच एसी त्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडला नाही. नवे तंत्रज्ञान शोधण्याआधी असलेल्या तंत्रज्ञानाला श्वास घेता येईल एवढी जागा वास्तुरचनेत ठेवली, तरी बराच पल्ला गाठता येतो. पण आपल्याकडे इमारतीचा नकाशा काढताना बाहेरचे यंत्र कुठे बसेल याचा विचार क्वचितच होतो.

समईच्या वातीने दाखवलेला २१ अंशांचा फरक एसीच्या कामी आणता येईल का, हा प्रश्न त्यानंतर माझ्या मनातून जाईना. कूलरची हवा खोलीत ओल आणते, पण तीच थंड केलेली हवा बाहेरच्या यंत्राला दिली तर खोली कोरडी राहील आणि यंत्राची चढण कमी होईल. आम्ही प्रयोगशाळेतील दीड टनाच्या जुन्या, एका वेगाने चालणाऱ्या एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे कूलरची हनीकोंब जाळी उभी केली आणि वरून पाण्याची बारीक धार सोडली. क्लॅम्प मीटरवर साडेसात अँपिअर दिसत होते. जाळी भिजल्यावर पंधरा मिनिटांत काटा सहाच्या आसपास आला. विद्यार्थ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या वर्गातील मुलांना बोलावून आणले.

मात्र आनंद ओसरल्यावर आम्ही पाण्याचा हिशेब केला, आणि तो सांगितल्याशिवाय हा प्रयोग सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाहेरच्या यंत्रातून तासाला दोन हजारांहून अधिक घनमीटर हवा जाते. ती ४४ अंशांवरून ३० अंशांवर आणायची, तर तासाला सुमारे चौदा लिटर पाणी उडून जाते. दुपारचे सहा तास धरले, तर ऐंशीहून अधिक लिटर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या घरातली बाई पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंप भरते, त्या घराला दिवसाला चार-पाच हंडे पाणी हवेत उडवा, असे मी सांगू शकत नाही. विजेलाही पाणी लागते, हे खरे आहे. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज तयार होते, आणि २०१५ च्या केंद्रीय नियमाने अशा जुन्या केंद्रांना दर युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली आहे. पण जाळीमुळे तासाला वाचलेली वीज एक-तृतीयांश युनिटाच्या आसपास होती, म्हणजे तिकडे वाचलेले पाणी सव्वा लिटरच्या आतच राहते. चौदा लिटर खर्चून सव्वा लिटर वाचवणे हा चांगला सौदा नव्हे. म्हणून माझा निष्कर्ष असा की ही जाळी दिवसभर चालवण्यासाठी नाही. पारा ४३ च्या पुढे जातो आणि विजेची मागणी शिगेला असते, त्या दोन-तीन तासांपुरते पाणी सोडणारी, तापमान पाहून स्वतः चालू-बंद होणारी व्यवस्था हवी. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. पाणी थेट कॉइलवर मारू नये. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके आहेत की दोन महिन्यांत कॉइलच्या पातळ पत्र्यांवर पांढरा थर बसतो आणि झालेला सगळा फायदा उलटतो. क्षार जाळीवर बसू द्यावेत, जाळी बदलता येते.

पाण्याच्या या हिशेबाने मला यंत्राकडून घराकडे वळवले. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जो शीतकरण कृती आराखडा जाहीर केला, त्यातही २०३७-३८ पर्यंत गारव्याची मूळ मागणीच २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. खोलीत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती आत शिरूच न देणे स्वस्त असते, आणि खानदेशातील जुन्या लोकांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

रावेर तालुक्यातील आमचे जुने घर धाब्याचे होते. लाकडी खण, त्यावर फळ्या, त्यावर लिंबाच्या डहाळ्या, आणि वर हातभर जाडीचा मातीचा थर. सगळ्यांत वर दर वर्षी पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पसरला जाई. ऊन त्या मातीतून खाली झिरपायला रात्र व्हायची, आणि तोवर घरातील सगळी माणसे अंगणात किंवा धाब्यावर झोपायला गेलेली असायची. पुढे आप्पांनी ते उतरवून पाच इंची स्लॅबचे घर बांधले. गळती थांबली, उंदीर गेले, दर वर्षीची माती ओढण्याची मेहनत वाचली, आणि यांतले काहीच थोडके नव्हते. परंतु रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबच्या खालच्या बाजूला तळहात टेकवला, तर चटका बसावा इतकी ती तापलेली असे. खाली झोपलेल्या माणसाला एसी लावला, तरी डोक्यावरची ती तवी दोन वाजेपर्यंत खोली तापवत राहते आणि एसी तिच्याशी झगडत राहतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी त्या स्लॅबच्या अर्ध्या भागाला चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात दिले आणि अर्धा भाग मुद्दाम तसाच ठेवला. दुपारी दोन वाजता इन्फ्रारेड तापमापी रोखून पाहिला, तेव्हा तसाच ठेवलेला भाग ६२ अंशांवर होता आणि चुन्याचा ४४ वर. चुना पावसाने धुपतो, दर वर्षी पुन्हा लावावा लागतो. पण आप्पांच्या वडिलांनीही दर वर्षी धाब्यावर पांढरी माती पसरलीच होती.

याच दिशेने आज फार पुढचे काम होत आहे. पृष्ठभागातून निघणाऱ्या उष्णताकिरणांपैकी ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी वातावरणात फारशा अडत नाहीत आणि सरळ अवकाशात निघून जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आश्वत रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असा थर करून दाखवला की जो भर उन्हात ठेवूनही भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी थंड राहिला, आणि त्यासाठी वीजही लागली नाही की पाणीही. उघड्या अंगणात टाकलेल्या खाटेवरचे अंथरूण पहाटे हवेहूनही गार लागते, ते याच वाटेने. ही वाट कोरड्या, निरभ्र आकाशात अधिक मोकळी असते आणि दमट हवेत आक्रसते. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यासाठी खानदेशचे आकाश अशा छपरांना अतिशय अनुकूल आहे, आणि पाण्याचा खर्च नसल्याने मला हा मार्ग ओल्या जाळीपेक्षा अधिक आशेचा वाटतो.

दुसऱ्या उन्हाळ्याचा प्रश्न मात्र छपराने सुटत नाही. जुलैत हवेतील ओल काढायची, तर आजचा एसी एकच उपाय जाणतो. तो आपली आतली कॉइल दवबिंदूच्या, म्हणजे हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली, दहा अंशांच्या आसपास नेतो, तिच्यावर पाणी जमवतो आणि ते नळीने बाहेर सोडतो. खोली २६ अंशांवर पुरेशी असते, पण केवळ ओल काढण्यासाठी इतकी खोल चढण चढावी लागते. ओल राहिली की माणूस रिमोट उचलून १९-२० करतो, मग थंडी वाजते आणि पांघरूण घेतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर लावलेले येतात. पण ओल निघाली नाही, तर माणूस त्या २४ वर थांबत नाही. आहे त्या एसीवर जुलै-ऑगस्टमध्ये ओल काढणारा ड्राय मोड आणि पंखा यांची जोडी करून पाहावी, आमच्या घरी ती २६-२७ अंशांवर पुरते.

उपाय असा की ओल आणि उष्णता ही दोन कामे वेगळी करावीत. ओल शोषणारे द्रव्य, मग ते सिलिका जेल असो, कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार असोत किंवा धातू-सेंद्रिय जाळीचे नवे सच्छिद्र पदार्थ असोत, हवेतून पाणी ओढून घेईल. कोरडी झालेली हवा मग १६-१७ अंशांच्या कॉइलनेही पुरेशी गार होईल, आणि चढण बरीच कमी होईल. शोषलेले पाणी द्रव्यातून काढण्यासाठी लागणारी उष्णता एसी तशीही बाहेर फेकतच असतो. त्या सच्छिद्र पदार्थांवरील मूलभूत कामाला २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा वर्गात मी पूर्ण तास त्यावरच घेतला.

हे केवळ कागदावरचे नाही. भारत सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि अमेरिकेतील रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट यांनी २०१८ मध्ये जी जागतिक स्पर्धा जाहीर केली, तिची अट अशी होती की नव्या यंत्राचा हवामानावरील भार सर्वसाधारण एसीच्या एक-पंचमांश असावा. एप्रिल २०२१ मध्ये ग्री आणि डायकिन या एसी कंपन्यांच्या संघांना विजेते घोषित केले गेले. ग्रीच्या यंत्रात नेहमीचे कॉम्प्रेसरचे चक्र, पाण्याचे बाष्पीभवन, बाहेरच्या हवेचे वायुवीजन आणि थेट सौर वीज हे सगळे एकत्र आणून, हवा पाहून त्यांतले योग्य ते वापरण्याची सोय होती. एका यंत्रात दोन उन्हाळे सामावण्याची हीच कल्पना आहे. असे यंत्र आमच्या जळगावच्या दुकानात मला अजून दिसलेले नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. ऊन आमच्याकडे विपुल आहे, दुपारची वीज त्यातून येऊ शकते, आणि एसीची मोठी गरजही दुपारचीच आहे.

आता गॅसविषयी, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. पूर्वी माझ्या घरचा एसी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा होता. आलेल्या मेकॅनिकने बाहेरच्या यंत्राला पाना लावला आणि नट सैल केला. सुर्रकन आवाज सुरू झाला, तांब्याच्या नळीवर क्षणात पांढरे दव गोठले, तेलाचा उग्र वास पसरला. दोन मिनिटांत आवाज थांबला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, गॅस तर नवा भरायचाच आहे ना." तो माणूस कामसू होता, प्रामाणिक होता, त्याला हे चूक आहे असे कोणी कधी सांगितलेच नव्हते, आणि गॅस परत गोळा करण्याचे यंत्र त्याच्या महिन्याच्या कमाईबाहेरचे होते.

त्या दोन मिनिटांत काय गेले याचा हिशेब करतो. त्या एसीत आर-४१०ए हा गॅस होता, आणि तो वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट उष्णता अडवतो. एक किलो गॅस सुटला, तर दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे धरले, तर हे जवळजवळ तीन हजार युनिटांएवढे आहे. रोज आठ-दहा युनिटे घेणारा एसी जवळपास वर्षभर रोज चालवावा, तेवढे नुकसान त्या एका नटातून झाले. जुन्या आर-२२ चा आकडा १,८१० आहे आणि तो ओझोनच्या थरालाही मारक आहे. नव्या एसींमध्ये सर्रास येणाऱ्या आर-३२ चा ६७५. आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा तीन किंवा त्याहूनही कमी.

क्लोरीनयुक्त गॅसांमुळे ओझोनच्या थराला असलेला धोका मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि जगाने ते गॅस खरोखर हटवले. त्याच कराराला २०१६ मध्ये किगाली येथे दुरुस्ती जोडली गेली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. तिच्यानुसार आपण २०३२ पासून या तापवणाऱ्या गॅसांचा वापर उतरवत नेऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. प्रोपेनचे एसी भारतात २०१२ मध्ये विक्रीला आले. प्रोपेन पेटतो, ही त्याच्याविषयीची भीती खोटी नाही. पण घरगुती एसीत तो काही शे ग्रॅमच असतो, तर आपल्या स्वयंपाकघरात १४.२ किलोंचे ज्वलनशील सिलिंडर शेगडीशेजारी उभे असते, आणि तरी आपण ते काळजीने वापरायला शिकलो. मात्र जुन्या एसीत प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा उद्योग कोणीही करू नये. त्या यंत्राची विजेची जोडणी त्यासाठी केलेलीच नसते.

खानदेशाला धोक्याचा गॅस हाताळण्याची सवय नाही, असेही नाही. केळी १३ अंशांखाली गेली की साल काळवंडते आणि पिकवताना १६ ते १८ अंश सांभाळावे लागतात, त्यामुळे सावदा-रावेरच्या बाजूला गारव्याचे काम जाणणारी माणसे पुष्कळ आहेत. बर्फाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत पिढ्यान्‌पिढ्या अमोनिया वापरला जातो. तो विषारी आहे, पण वातावरण तापवण्यात त्याचा वाटा शून्य आहे, आणि गळती झाली की नाकाला तत्काळ कळते. अमोनियावर काम केलेल्या माणसाची शिस्त मी पाहिली आहे. तो कोणताही नट उघडण्याआधी दोनदा खात्री करतो.

तीच शिस्त घरगुती एसीच्या मेकॅनिकांपर्यंत न्यावी म्हणून गेल्या हिवाळ्यापासून आम्ही दोन-तीन शिक्षक महिन्यातल्या एका रविवारी प्रयोगशाळा उघडी ठेवतो. यायला कोणालाही फी नाही. पहिली गोष्ट शिकवतो ती पंप डाऊनची, कारण तिला एक रुपयाही खर्च नाही. एसी चालू ठेवायचा, बारीक नळीचा व्हॉल्व्ह एलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून बाहेरच्या यंत्रात साठवेपर्यंत थांबायचे, काटा शून्याला आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. पाच-सात मिनिटांचे काम आहे, आणि एसी हलवायचा असेल तर एवढे पुरते.

गेल्या रविवारी वरणगावकडून एक साठीचे मेकॅनिक आले होते. सगळे त्यांना नाना म्हणत होते. बावीस वर्षे हेच काम करत असल्याचे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आणि मागे हाताची घडी घालून उभे राहिले. तासाभराने ते पुढे आले, "मला करून पाहू द्या सर," म्हणाले, आणि बाहेरच्या यंत्रापाशी उकिडवे बसले. एलन की फिरवताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. गेजचा काटा हळूहळू उतरत होता, आणि कोणी काही बोलत नव्हते. काटा शून्याला टेकला, त्यांनी दुसरा व्हॉल्व्ह बंद केला, मला बटण बंद करायची खूण केली, आणि मग पाना लावून नट सोडला. नट पूर्ण निघाला, नळी बाजूला झाली. नानांनी नळीच्या तोंडाशी कान नेला. आतून आवाज आला नाही.